हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत शिकलेल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून ‘हाताची घडी’ म्हणा. तो डोळेही न उघडता ‘तोंडावर बोट’ म्हणून मोकळा होईल. पाढे विसरतात, समास विसरतात, भूगोलातल्या नद्या एकमेकींत मिसळून जातात; पण ही चार शब्दांची आज्ञा काही केल्या पुसली जात नाही. आज जे न्यायासनावर बसतात, जे शस्त्रक्रिया करतात आणि जे सभागृहात एकमेकांना बोलू देत नाहीत, ते सारे एके काळी अशी घडी घालून बसलेले आहेत!

मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. एवढ्या काळात ही आज्ञा मी शेकडो वर्गांच्या खिडक्यांतून ऐकली, आणि दर वेळी मला एक कोडे पडे. हातांची घडी घातल्यावर बोट तोंडावर न्यायचे कसे? त्यासाठी घडी मोडावी लागते. ते कसेबसे जमवले, तरी मग लिहायचे कोणत्या हाताने आणि उत्तर द्यायचे कोणत्या तोंडाने?

थट्टा सोडून द्या. पण ह्या आज्ञेत आपल्या शाळांतल्या शिस्तीचे सारे मर्म आहे. मुलाने काय करू नये हे ती चोख सांगते. हात हलवू नको, बोलू नको. मुलाने काय करावे, ह्याविषयी मात्र ती अवाक्षर काढत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की वर्गात कसे वागायचे हा मुलांना सांगून सोडून देण्याचा विषय नाही. तो बेरजेसारखा, बाराखडीसारखा शिकवण्याचा विषय आहे.

‘नीट’ म्हणजे काय?

शाळेच्या कोणत्याही वर्गात गेलात, तर भिंतीवर एक पाटी हमखास दिसेल. ‘शांतता राखा. नीटनेटके राहा. मोठ्यांचा मान ठेवा. वर्ग स्वच्छ ठेवा.’ ही पाटी पहिलीच्या वर्गातही असते. तिथल्या मुलांना अजून वाचता येत नसते, ही गोष्ट पाटी लावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

समजा, वाचून दाखवली. तरी सहा वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळणार? आपण त्याला दिवसातून वीस वेळा ‘नीट बस’ म्हणतो. घरी खाटेवर ‘नीट बस’ म्हणजे पडू नकोस. देवळात ‘नीट बस’ म्हणजे मांडी घाल. लोकलमध्ये ‘नीट बस’ म्हणजे सरकून चौथ्या माणसाला जागा दे. फोटोवाल्यापुढे ‘नीट बस’ म्हणजे मान सरळ ठेवून हस. मग वर्गात ‘नीट बस’ म्हणजे नेमके काय? पाय कुठे ठेवायचे, दप्तर मांडीवर घ्यायचे की बाकाखाली, शेजाऱ्याशी बोललेले चालते की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

त्यातून एका बाकावर बसणारी दोन मुले दोन वेगळ्या जगांतून आलेली असतात. एक दहा बाय दहाच्या खोलीतून येतो. तिथे सहा माणसे आणि सतत चालू असलेला टीव्ही. ओरडल्याखेरीज प्यायला पाणीही मिळत नाही. दुसरा मोठ्या फ्लॅटमधला एकुलता एक. त्याने तोंड उघडले की आई, बाबा, आजी-आजोबा हातातले काम टाकून ऐकतात. पहिल्याला हळू बोलणे ठाऊक नाही, दुसऱ्याला थांबणे ठाऊक नाही. दोघेही वाईट मुलगे नाहीत. दोघांनाही वर्ग नावाची जागा नवी आहे.

आपण मुलाला ‘अ’ काढायला शिकवतो तेव्हा काय करतो, ते आठवून पाहा. आधी फळ्यावर काढून दाखवतो. मग त्याचा हात हातात धरून गिरवून घेतो. पाटीवर पन्नास वेळा काढायला लावतो. ‘अ’ चुकला तर त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. पुसून पुन्हा काढ म्हणतो. पण ‘गडबड करू नका’ हे एकदा सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी गडबड झाली, की लगेच ‘किती वेळा सांगायचं तुम्हाला!’ अक्षर चुकले तर ते अज्ञान, आणि वागणे चुकले तर तो अपराध, हा न्याय कुठला?

ह्या बाबतीत डॉ. मारिया माँटेसरी यांची एक हकीकत मला फार आवडते. १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सॅन लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तिथे त्यांनी एकदा मुलांना नाक कसे शिंकरावे ह्याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, दुसऱ्याच्या लक्षात न येईल अशा बेताने नाक कसे पुसायचे, हे त्यांनी थोड्या विनोदाने करून दाखवले. मुले हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. मुले हसली नाहीत. टक लावून पाहत राहिली, आणि धडा संपताच नाटकगृहात वाजतात तशा टाळ्या त्यांनी वाजवल्या. बाईंना नंतर उमगले ते असे: ह्या मुलांना शेंबड्या नाकावरून सगळ्यांनी टोचून बोलून घेतले होते, लाजवले होते, पण ते पुसायचे कसे, हे आजवर कोणीच शांतपणे शिकवले नव्हते.

ह्याच माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे पुढली काही वर्षे इथेच राहिल्या. आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. पण त्यांचे मणी आणि ठोकळे जितक्या उत्साहाने शाळाशाळांतून पोचले, तितका तो रुमालाचा धडा पोचला नाही.

छडी गेली, पुढे काय?

पंतोजींच्या काळी हा प्रश्न सोपा होता. चिंचेची फोक, ओणवे उभे राहणे, अंगठे धरणे, कोंबडा होणे, एवढ्यावर राज्य चाले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्याला आणि त्यांचा मानसिक छळ करण्याला बंदी घातली. छडी कपाटात गेली, हे फारच चांगले झाले. पण कपाटातून दुसरे काय बाहेर काढायचे, हे बहुतेक शिक्षकांना कोणी शिकवले नाही. काही ठिकाणी मग हातातली छडी जिभेवर येऊन बसली.

ह्या नव्या छडीचा एक नमुना सांगते. एका शाळेत मी काही आठवडे बदली शिक्षिका म्हणून गेले होते. तिथे बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, अशी जुनी प्रथा होती. पहिल्याच दिवशी मी वर्गात शिरले तो फळ्यावर पाच नावे. पहिल्या नावापुढे तीन फुल्या. ‘हा कोण?’ म्हणून विचारले, तर सारा वर्ग गप्प. शेवटी पहिल्या बाकावरली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तो आज आलाच नाहीये.”

गैरहजर मुलगा बोलल्याबद्दल फळ्यावर! मॉनिटर खोटे बोलत नव्हता. त्याच्या हाताला ते नाव लिहायची सवयच लागली होती. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला. आल्या-आल्या त्याने काय केले असेल? फळ्याकडे पाहिले, स्वतःचे नाव वाचले आणि जागेवर जाऊन बसला. काही विचारले नाही, तक्रार केली नाही. आठ वर्षांच्या मुलाने आपल्याविषयीचा निकाल मान्य करून टाकला होता. मला त्या दिवशी वाटले, की एखादी छडी बसली असती तर तिचा वळ संध्याकाळपर्यंत गेला असता.

गंमत अशी, की मॉनिटर ही संस्था मुळात ह्यासाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने थोड्या मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये तिची हकीकत इंग्लंडात छापली. तो मॉनिटर छोटा गुरुजी होता. आपण त्याचा हवालदार केला.

रागावण्याचा उपयोग किती, ह्याचाही लोकांनी कसून शोध घेतला आहे. अमेरिकेत जेकब कूनिन नावाचे प्राध्यापक होते. व्याख्यान चालू असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी झापले, तेव्हा न वाचणारेही ताठ बसले! ह्याचे त्यांना कुतूहल वाटले. त्यांनी वर्षानुवर्षे वर्गांचा अभ्यास केला, चित्रफिती घेतल्या, आणि १९७० साली पुस्तक लिहिले. निष्कर्ष अनपेक्षित होता. दंगा झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, ह्याने वर्गाच्या वागण्यात विशेष फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो दंगा होण्याआधी शिक्षक काय करतो ह्याने. वर्गाच्या चारी कोपऱ्यांत काय चालले आहे ह्याचे भान, आणि एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना रेंगाळू न देता नेण्याची हातोटी, ह्या गोष्टी चांगला वर्ग आणि वाईट वर्ग वेगळे करत होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात आढळले, की सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे मोठ्याने रागावण्यापेक्षा त्या एका मुलाजवळ जाऊन फक्त त्यालाच ऐकू येईल असे सांगितले, तर दंगा कमी होतो. आपल्या आज्या डोळ्यांनी दटावत, त्या काही उगाच नव्हेत.

पहिले पंधरा दिवस

मग दंगा होण्याआधी करायचे काय? मी काय करीत असे, ते सांगते. त्यात जादू काही नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते ती नेमकी पावसात. छप्पन्न मुले, छप्पन्न रेनकोट आणि दारात चिखल. तेव्हा आमचा पहिला धडा पुस्तकातला नसे. तो ‘ओला रेनकोट कुठे ठेवायचा’ हा असे. मी स्वतः रेनकोट घालून बाहेर जाई, दाराशी थांबे, पाय पुसे, रेनकोट झटके, खुंटीला लावी आणि जागेवर येऊन बसे. मुले खो खो हसत. मग दोघा-तिघांना तेच करायला लावी. मग एकाला मुद्दाम चुकीचे करून दाखवायला सांगे. ह्या कामाला सगळे एका पायावर तयार! चुकीचे पाहिल्यावर बरोबर म्हणजे काय, हे त्यांचे तेच सांगत.

असेच एकेक. बाकावरून उठून रांग कशी करायची. पेन्सिलीला टोक कुठे आणि केव्हा काढायचे. डबा सांडला तर काय करायचे. करंगळी वर केली की बाई बोलत असल्या तरी मान हलवून परवानगी देतील. शिकवणे थांबवायची गरज नाही. आवाज तीन प्रकारचे: कानातला आवाज, बाकावरचा आवाज आणि मैदानावरचा आवाज. गणिते करताना शेजाऱ्याशी कानातल्या आवाजात बोललेले चालते. कविता म्हणताना बाकावरचा आवाज. मैदानावरचा आवाज मैदानावर. तिन्ही आवाज आम्ही काढून पाहत असू. शेजारच्या वर्गावरच्या बाई मैदानावरचा आवाज ऐकून एकदा धावत आल्या होत्या!

आणि गप्प करण्यासाठी ओरडायचे नाही, हे ठरलेले. दोन सावकाश टाळ्या, तीन भरभर. मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा आणि हात खाली ठेवायचे. हात वाजवण्यात गुंतले की तोंड आपोआप थांबते.

हे पंधरा दिवस चाले. रोज थोडे नवे, आणि कालच्याची उजळणी. एका वर्षी एक गृहस्थ वही घेऊन आले. “बाई, पंधरा दिवस झाले, वहीत एक पान भरलेलं नाही. तुम्ही मुलांना रांगच लावायला शिकवताय का?”

मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. तो इथेही मांडते. वर्गात दिवसातून निदान सहा वेळा काम बदलते: प्रार्थनेहून परतणे, वह्या काढणे, डबा, मैदान, विषयबदल, घरी जाणे. न शिकलेल्या वर्गाला दर वेळी पाच मिनिटे सहज लागतात. म्हणजे दिवसाला ३० मिनिटे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवून दिले आहे. २०० दिवसांचे झाले ६,००० मिनिटे, म्हणजे १०० तास. आठशेतले शंभर तास गोंधळात! सरावाने पाचाचे एक मिनिट झाले, तर शंभराचे वीस तास होतात. ऐंशी तास हाती उरतात. पंधरा दिवसांत रोज तासभर मी ह्यासाठी दिला, तर पंधरा तास गुंतवले आणि ऐंशी मिळवले. गृहस्थ बँकेत होते. हा व्याजदर त्यांना पटला.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे सगळे पहिल्या दिवशी, एका दमात होत नाही. गुजरातेतल्या भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका ह्यांनी ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकात चौथीचा वर्ग हाती घेणाऱ्या एका कल्पित मास्तरांची कथा सांगितली आहे. हे मास्तर मोठ्या हौसेने पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातात, आणि मुले असा काही गोंगाट करतात, की बिचाऱ्यांना सुट्टी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला लागतात आणि वर्ग आपोआप गप्प होतो. मुलांना ऐकावेसे वाटेल असे काही आपल्यापाशी असावे लागते. नुसती शांतता हे काही शाळेचे ध्येय नव्हे. शांतता स्मशानातही असते.

शाबासकी कशाची?

शिकवले, सराव झाला. आता ते टिकायचे कसे? इथे १९६८ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला एक प्रयोग फार बोलका आहे. प्राथमिक शाळेतली तीन दंगेखोर मुले निवडली. आधी त्यांच्या शिक्षिकांनी नियम ठरवून वर्गात लावले आणि दिवसातून अनेकदा म्हणवून घेतले. परिणाम जवळजवळ शून्य. मग दंग्याकडे दुर्लक्ष करून पाहिले. त्यानेही सुधारणा झाली नाही, उलट एका ठिकाणी बिघडलेच. शेवटी, नियम तर होतेच, त्यांच्या जोडीला दुर्लक्ष आणि मूल चांगले वागत असेल त्या क्षणी त्याची दखल घेणे, असे एकत्र केले. तेव्हा कुठे मुलांचे वागणे स्पष्ट बदलले.

म्हणजे भिंतीवरची पाटी एकटी काही करू शकत नाही, हे कागदोपत्री सिद्ध झाले म्हणायचे!

पण शाबासकीलाही माप असावे लागते. ‘शाब्बास! छान! गुड!’ ही खिरापत झाली. मुले ती खातात आणि विसरतात. “तू शेजारणीची पेन्सिल मागून घेतलीस, ओढून नाही घेतलीस,” एवढे म्हटले, की मुलाला आपण नेमके काय बरोबर केले ते कळते. पुढच्या वेळी तेच करावे, हेही कळते. आणि शेजारच्या चार जणांना फुकटात धडा मिळतो.

१९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या वर्गात ह्याचा एक खेळच केला गेला. वर्गाचे दोन संघ. नियम स्पष्ट सांगितलेले. कोणी जागा सोडून भटकले किंवा मध्येच बोलले, तर खूण संघाच्या नावावर. खुणा ठरावीक संख्येच्या आत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकत. बक्षीस म्हणजे शेवटी थोडा मोकळा वेळ आणि डब्याला आधी जायचा मान. फळ्यावरची खूण इथेही आहे. पण ती एका मुलाच्या कपाळावर मारलेली नाही, आणि जिंकण्याची वाट सर्वांना खुली आहे.

हा खेळ पुढे बाल्टिमोर शहरात १९८५-८६ मध्ये पहिलीच्या काही वर्गांत घेतला गेला, आणि ती मुले १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा माग ठेवला. पहिलीत जे मुलगे फार दांडगे, मारकुटे म्हणून नोंदले गेले होते, त्यांच्यात हा खेळ खेळलेल्यांमध्ये पुढे व्यसनांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आढळले. सहाव्या वर्षी थांबायला, वाट पाहायला आणि चौघांत राहायला शिकणे ही एवढी लांब पोचणारी गोष्ट आहे. म्हणून वर्गातली शिस्त म्हणजे बाईंच्या डोकेदुखीचा प्रश्न, असे मी मानत नाही.

चष्मा आणि धाकटी बहीण

सगळे शिकवूनही एखादे मूल ऐकत नाही. तेव्हा शिक्षेच्या आधी चौकशी हवी. माझ्या वर्गात एक मुलगा आला तो आधीच्या शाळेचा शेरा घेऊन: ‘खोडकर. जागेवर बसत नाही.’ खरोखरच बसत नसे. शेवटच्या बाकावरून उठे आणि पुढे येऊन उभा राही. पण टाळ्यांच्या ठेक्याला तो सर्वांत आधी थांबे, गोष्ट ऐकताना जागचा हलत नसे. उठे तो फक्त फळ्यावर काही लिहिले की. मी त्याच्या आईला बोलावून डोळे तपासायला सांगितले. दोन्ही डोळ्यांना चांगला जाड चष्मा लागला. चष्मा आला आणि त्याचा खोडकरपणा गेला! एवढी वर्षे ते मूल बिचारे अभ्यासासाठी जागा सोडत होते.

ह्याहून मोठे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ह्या दोघींनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवली. मुले स्वच्छ येत नाहीत, म्हणून त्यांना दारातून परत पाठवले नाही. त्यांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हाच शाळेचा पहिला तास झाला. मुली गैरहजर राहत, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ केली: ताई शिकेल, बाळ शेजारी खेळेल. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. नियम मोडणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी नियम त्या मुलाला पाळता येण्याजोगा आहे का, हे त्यांनी पाहिले.

लिंबूटिंबूचा कायदा

आता एक शेवटचा मुद्दा. नियम करायचे कोणी?

स्वित्झर्लंडमधले जाँ पियाजे गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांना खेळाचे नियम विचारले, आणि १९३२ साली त्यांनी ते सारे पुस्तकात मांडले. लहान मुलांना वाटे, की नियम वडीलधाऱ्यांनी, नाहीतर देवाने केलेले. ते बदलताच येत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र समजलेले असे, की नियम आपणच ठरवतो आणि सर्वांची कबुली असेल तर बदलतो.

आपल्याला हे पाहायला स्वित्झर्लंडला जायला नको. चाळीच्या अंगणात किंवा सोसायटीच्या गच्चीवर जा. राज्य कोणावर, ‘टाइमप्लीज’ केव्हा घ्यायची, रडीचा डाव कशाला म्हणायचे, ह्याचे केवढे तरी कायदे मुलांनी मोठ्यांना न विचारता केलेले असतात. त्यातला सर्वांत सुंदर कायदा लिंबूटिंबूचा. धाकट्या भावंडाला खेळायचे आहे, पण त्याला धावता येत नाही. तर तो लिंबूटिंबू. तो पळेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. जी मुले इतका समंजस कायदा करू शकतात, त्यांना वर्गाचे नियम करता येणार नाहीत असे म्हणणे धाडसाचे आहे.

तेव्हा पहिलीत नियम मी सांगे, पण प्रत्येकाचे कारण देई. तिसरी-चौथीत नियम मुलेच सुचवत. ती फार कडक कायदे करतात, असा अनुभव आहे; एका चौथीने तर डबा सांडणाऱ्याला आठवडाभर डबा बंद, असे ठरवले होते! मग चर्चा होई: ‘तुझ्या हातून सांडला तर?’ ह्या एका प्रश्नावर बहुतेक फाशीच्या शिक्षा रद्द होत. शेवटी उरत ते चार नियम. चारापेक्षा जास्त नियम मुलांच्या लक्षात राहत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांच्याही.

सुट्टीतला वर्ग

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मुले घरी असतील आणि घराघरांतून ‘गप्प बस’, ‘हात लावू नको’, ‘शहाण्यासारखा वाग’ हे मंत्र घुमत असतील. ह्या सुट्टीत एक प्रयोग करून पाहा.

शेजारी फराळाचे ताट पाठवायचे असते ना? ते मुलाच्या हाती द्या. पण ‘नीट ने, सांडू नको’ म्हणून पाठवू नका. आधी करून दाखवा. ताट दोन्ही हातांनी छातीशी असे धरायचे. बेल कोपराने वाजवायची. काकूंनी दार उघडले की आधी ‘आईनं फराळ पाठवलाय’ म्हणायचे. ताट लगेच परत मिळाले नाही तर ‘मी नंतर नेतो’ म्हणायचे. एकदा घरातल्या घरात, आजीला काकू करून, सराव करून घ्या. मग पाठवा. परत आल्यावर ‘शाब्बास’ म्हणून मोकळे होऊ नका. त्याने काय बरोबर केले, ते एका वाक्यात सांगा. वाटेत करंजी पडली असेल, तर ती कशी उचलायची आणि काय सांगायचे, हा पुढचा धडा.

सहा वर्षांचे मूल भरलेले ताट घेऊन जिन्यावरून सावकाश चढताना पाहिले आहे तुम्ही? जीभ किंचित बाहेर, नजर चकलीवर, पाऊल चाचपत. त्या वेळी त्याच्या हातांची घडी नसते आणि तोंडावर बोट नसते. तरी त्याच्याइतके शिस्तीत त्या क्षणी साऱ्या इमारतीत दुसरे कोणी नसते. त्याला एक काम मिळालेले असते, ते कसे करायचे हे कोणीतरी शिकवलेले असते, आणि ते आपल्याला जमेल असा कोणाचा तरी विश्वास असतो. वर्गातल्या मुलांनाही ह्याहून जास्त काही लागत नाही.